तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर

प्रिय दोस्ता,

परवा तू फोनवर वैतागून बोललास की तुमच्या बँकेच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर वेंडरची, म्हणजे काम घेणाऱ्या बाहेरच्या आयटी कंपनीची माणसं सहा महिने पण टिकत नाहीत, जरा ओळख होते तोवर नवीन चेहरा येतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून समजवायचं. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, ऐरोलीला ठाण्याची गाडी लागत होती आणि संध्याकाळी सातची गर्दी तुला माहितीये. आता जेवण उरकून बसलोय. तू क्लायंटकडे, मी वेंडरकडे, पण एवढ्या वर्षांची दोस्ती आहे म्हणून स्पष्ट लिहितो.

पगाराचं कारण तुला ठाऊकच आहे, आत राहिलं तर सात-आठ टक्के आणि उडी मारली तर तीस. २०२२ मध्ये तर कहरच झालेला, एप्रिल-जूनच्या तिमाहीत इन्फोसिसचं अ‍ॅट्रिशन, म्हणजे वर्षभरात सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २८.४ टक्के होतं, पुढच्या तिमाहीत टीसीएसचं २१.५. मार्च २०२४ पर्यंत दोन्हीकडे ते साडेबाराच्या आसपास उतरलं. पण माझ्या टीममधली माणसं जायची काही थांबली नाहीत.

आमच्याकडे एक सोलापूरची मुलगी होती. इंग्लंडच्या एका इन्शुरन्स क्लायंटची महिनाअखेरची बॅच, म्हणजे महिन्याच्या सगळ्या फाइल्स एकदम प्रोसेस करणारं काम, साडेतीन वर्षं तीच सांभाळायची. ती पगारासाठी नाही गेली रे. क्लायंटचं आमच्या कंपनीशी असलेलं काँट्रॅक्ट मार्चला संपलं, क्लायंटने एक महिन्याचं एक्स्टेन्शन दिलं, मग अजून एक, मग अजून एक. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला पोरं माझ्या डेस्कपाशी, सर रिन्यू होतंय ना, आणि मला स्वतःलाच काही माहिती नसायचं, मी आपलं होईल होईल म्हणायचो. तिने कल्याणला फ्लॅट बुक केलेला, हप्ता सुरू होणार होता, प्रोजेक्ट गेला तर बेंच, म्हणजे कामाशिवाय नुसतं बसून राहायचं, आणि बेंचवर किती दिवस ठेवतील कुणास ठाऊक. त्यात २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं. आमची कंपनी वेगळी, पण त्या रात्री तिच्या वडिलांचा गावाहून फोन, तुझं ठीक आहे ना बाळा. ऑगस्टमध्ये तिने राजीनाम्याचे पेपर टाकले.

नोटीस ९० दिवसांची, पण त्यातले दोन महिने बदली माणूसच मिळाला नाही. एकाने ऑफर घेतली आणि जॉइनिंगच्या आदल्या दिवशी फोन बंद करून टाकला. शेवटी जो मिळाला त्याला तिचे फक्त बारा दिवस मिळाले. केटी झाली, म्हणजे जुन्याने नव्याला काम समजावून दिलं, त्याचं रेकॉर्डिंग झालं, साठ पानी डॉक्युमेंटवर क्लायंटने साइन-ऑफ पण दिला. आणि पहिल्याच महिनाअखेरीला रात्री दोनला बॅच पडली. एका ब्रोकरची फाइल शेवटच्या दिवशी येते तेव्हा त्यात हेडरची, म्हणजे सगळ्यात वरची शीर्षकाची ओळ दोनदा असते, ती बाई गुपचूप हाताने एक ओळ उडवून बॅच चालवायची, तिच्या हातालाच इतकी सवय झालेली की ते लिहून ठेवायचं काम आहे असं तिला वाटलंच नाही. नवा पोरगा चार तास लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी बघत बसला. सकाळी सहाला मी तिला फोन लावला, कंपनी सोडून गेलेल्या माणसाला, आणि तिने तो उचलला, दोन मिनिटांत सांगितलं. मला इतकं वाईट वाटलं, कारण जिला आम्ही चार महिने एक खरं उत्तर दिलं नव्हतं ती आम्हाला देत होती.

मग क्लायंट बोलला, अजून तीन माणसं लावा. आयबीएमच्या ओएस/३६० या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम केलेला फ्रेड ब्रुक्स १९७५ मध्येच सांगून गेलाय की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर वाढतो. नव्यांना शिकवणार कोण, तर ज्याच्यावर आधीच लोड आहे तोच. माझा उरलेला एक जुना पोरगा दिवसभर शिकवायचा आणि रात्री स्वतःचं काम करायचा. फेब्रुवारीत तो पण गेला.

तुमचं रिन्युअल जूनमध्ये आहे ना? मग एप्रिलमध्येच काय ते सांगून टाक. नाही असेल तर नाही सांग, पोरं नीट हँडओव्हर करून जातात. काहीच कळेनासं झालं की सगळ्यात हुशार असतो तो आधी जातो, त्याला बाहेर पटकन मिळतं, आणि तुझ्याकडे उरतात ती ज्यांना मिळालं नाही ती. आणि नुसत्या डॉक्युमेंटवर सही करू नकोस, एक अख्खी महिनाअखेर नव्या माणसाला चालवू दे, जुना शेजारी बसून नुसता बघेल. त्या महिन्यात दोघांचं बिलिंग कोण देणार यावर आमचे सेल्सवाले आणि तुमचे प्रोक्युरमेंटवाले भांडतील, तर तेवढे पैसे वर बोलून तू मंजूर करून घे, प्लीज.

तुमच्याकडे दोन जुनी माणसं उरलीयत बोललास ना, उद्या त्यांना चहाला घेऊन जा आणि विचार, कुठेच लिहिलेलं नाही असं तुम्ही रोज हाताने काय काय करता. मग मला फोन कर, रात्री दहानंतर कर, तेव्हा मी घरी असतो.

तुझाच

(वहिनींना नमस्कार सांग, आणि तुझ्या आईच्या गुडघ्याचं काय झालं ते फोनवर सांग.)