सूत्राआधी रकाना

सामान्यांनी आपली सॉफ्टवेअर साधने आपणच बनवावीत, हे सुचवणारा लेख पटला. पण त्यात स्प्रेडशीटमधल्या, म्हणजे ओळी-रकान्यांच्या संगणकी तक्त्यातल्या, सूत्रांचे कौतुक फार आणि रकान्यांच्या शिस्तीबद्दल अवाक्षर नाही. १९७९च्या व्हिसिकॅल्क या सुरुवातीच्या स्प्रेडशीट प्रोग्रामपासून आकडेमोड स्प्रेडशीटच करते आहे. घोटाळा होतो तो नोंदीत. ‘००४७’ हा सदस्य क्रमांक टाकला की ‘४७’ उरतो, कारण प्रोग्राम त्याला संख्या समजतो. मागाहून रकाना ‘टेक्स्ट’ (मजकूर) प्रकारचा केला तरी गेलेली शून्ये परत येत नाहीत. रकान्याचा प्रकार नोंदी भरण्याआधीच ठरवावा लागतो. ‘मार्च१’ या जनुकाच्या नावाची एक्सेल तारीख करत असे. अखेर शास्त्रज्ञांना ते ‘मार्चएफ१’ करावे लागले! एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारच्या फाइलच्या एका शीटमध्ये ६५,५३६ ओळींपुढचे काही मावत नाही, हेही नवख्याला आधीच सांगायला हवे.