बाजारातल्या गाईबरोबर आलेली सर्दी

संपादक महोदय,

दूधदराच्या बातम्या आपण नेमाने छापता, गोठ्यातल्या सर्दीबद्दलही दोन ओळी छापाव्यात.

मार्चमध्ये बाजारातून दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय आणली. अंगाने भरलेली, ना ताप ना शेंबूड. जागा नव्हती म्हणून (खरं तर आळस) थेट दावणीला बांधली. दहा दिवसांत शेजारच्या दोघींच्या नाकपुड्या लालबुंद, डोळ्यांना धार, दूध निम्म्यावर. महिन्याभरानं एकीनं सातव्या महिन्यात गाभ टाकला. तपासणीत निघालं आयबीआर, म्हणजे गुरांच्या नाका-श्वासनलिकेचा विषाणूजन्य, संसर्गजन्य आजार.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं : हा विषाणू माणसाच्या नागिणीच्या कुळातला. एकदा शिरला की जनावराच्या मज्जातंतूंत जन्मभर दडून बसतो. टेम्पोतला प्रवास, वेणं, असा ताण आला की जागा होतो आणि धडधाकट दिसणारी गायही नाकावाटे तो सोडू लागते. मग एकच हौद, एकच गव्हाण पुरते. बाधित वळूच्या रेतनातूनही तो गावोगाव जातो.

विकणाऱ्याला दोष देत नाही, त्यालाही माहीत नसणार. पण खरेदीआधी रक्ततपासणीची सोय बाजारातच का नसावी? सध्या मी शेळ्यांचं जुनं छप्पर रिकामं केलंय. नवं जनावर तिथं तीन आठवडे, बादलीसुद्धा वेगळी.

– एक दूध उत्पादक, ता. संगमनेर