बाबांच्या दुखण्याच्या गोळीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आवाज तुटतो आणि बाबा 'हो हो' करून फोन आईच्या हातात देतात, म्हणून कागदावर लिहिते आहे. आई, हे बाबांना मोठ्यानं वाचून दाखव आणि मग गोळ्यांच्या डब्यातच ठेव.

बंडीवरून पडून मणका दबल्यापासून बाबांनी किती सोसलं ते मला ठाऊक आहे. 'थोडं दुखनं त राह्यतेच' असं म्हणत तुम्ही दिवसभर गोळी टाळता, रात्री कळ असह्य झाली की एकदम दोन घेता. बाबा, हे मला सगळ्यात भीतीचं वाटतं. चिठ्ठीत सकाळ, दुपार, रात्र एकेक लिहिली आहे, तर तशीच घ्या. एखादी राहिली तर राहू द्या, पुढच्या वेळेला दोन नको. दुखणं सोसण्यात काही मोठेपणा नाही. कळ कमी असेल तर तुम्ही उठाल, चार पावलं चालाल, आणि मणक्याला तेच हवं आहे. एकेक घेऊनही भागत नसेल तर डॉक्टरांना सांगा. गोळी वाढवायची की बदलायची, ते ठरवतील.

गोळ्यांच्या पत्त्यामागं बारीक अक्षरात दोन नावं आहेत, ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. एकाच गोळीत दोन औषधं आहेत आणि दोघांची काळजी वेगवेगळी आहे.

आधी पॅरासिटामॉल. ही आपली तापाची गोळी, म्हणून घरात कुणालाच तिची भीती वाटत नाही. तुमच्या दिवसाच्या तीन गोळ्यांतून जवळपास एक ग्रॅम पॅरासिटामॉल पोटात जातं. वर अंग कसकसलं म्हणून ६५० ची गोळी तीनदा घेतली तर आकडा तीन ग्रॅमच्या जवळ पोचतो. धडधाकट माणसासाठी दिवसाची हद्द चार ग्रॅम धरतात, पण तुमच्या वयाला आणि वजनाला डॉक्टर ती कमीच ठेवतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही हेच असतं. जास्त झालं तर लिव्हर खराब होतं, आणि पहिले एक-दोन दिवस वरून फारसं काही दिसतसुद्धा नाही. म्हणून ताप आला, सर्दी झाली तरी मनानं दुसरी गोळी नको, आधी मला किंवा डॉक्टरांना फोन.

आता ट्रामाडॉल. गावात कुणीतरी तुम्हाला 'ही अफूची गोळी आहे' म्हणून घाबरवलं, असं आई म्हणाली. ती अफूपासून काढलेली नाही, कारखान्यात बनते. पण मेंदूत अफूच्या जागीच काम करते आणि तिची सवय लागू शकते, हे खरं आहे. २०१८ मध्ये सरकारनं ट्रामाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. त्यामुळे मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली, वहीत नाव लिहिलं तर रागावू नका, तो बरोबरच करतो आहे. आणि जो चिठ्ठीशिवाय देतो त्याच्याकडून घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस, सांगितलेली मात्रा, एवढ्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त बरेच दिवस घेतल्यावर एकाएकी बंद करू नका, त्यानं घाम, बेचैनी, उलट्या सुरू होतात. बंद करायची वेळ आली की डॉक्टर हळूहळू कमी करतील.

बाबा, पुढचं नीट ऐका. या गोळीवर बाजाराच्या दिवसाची मोहाची दारू अजिबात चालणार नाही, थोडीही नाही. आईच्या डब्यातली झोपेची गोळीही नाही. दारू, झोपेची गोळी आणि ट्रामाडॉल, तिन्ही श्वास मंद करतात. एकत्र आले की माणूस झोपेतच श्वास घ्यायचा थांबू शकतो. मला तुम्ही हवे आहात, म्हणून इतकं स्पष्ट लिहिते.

गोळीनं गुंगी येते, डोकं गरगरतं. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री लाईन येते आणि तुम्ही मोटर सुरू करायला वावरात निघता. अंधार, ओला धुरा, विहिरीचा काठ आणि डोळ्यांवर गुंगी! एवढे दिवस सालदाराला पाठवा. एक पाणी चुकलं तर चुकू द्या, हरभरा पुढच्या वर्षीही पेरता येईल. गाडीही चालवू नका. रात्री लघवीला उठताना आधी खाटेच्या काठावर जरा बसा, मग उभे राहा, आणि आईला हाक मारा.

मळमळ सहसा चार-आठ दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठ मात्र गोळी चालू असेपर्यंत राहतं, कारण ती आतड्याची चालच मंद करते. आई, तू ईसबगोल देणार हे मला माहीत आहे. यात नको, पाणी कमी पडलं तर तेच आतड्यात अडकतं. डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध रोज रात्री दे, तीन दिवस वाट पाहून नाही. भाजी, ताक आणि पाणी आहेच.

आणि आई, आता तुझ्याबद्दल. 'माह्याबी गुडघ्याले एक घेऊन पाहू का' असं तू विचारलंस. नको गं. तू मनाच्या आजारासाठी जी गोळी घेतेस, तिच्याशी ट्रामाडॉलचं जमत नाही, अंग थरथरतं, ताप चढतो, कधी झटकेही येतात. तुझ्या गुडघ्यांसाठी मी वेगळं दाखवायची सोय करते. शेजारच्या काकूंनाही देऊ नकोस. त्यांना बीपी आहे, शुगर आहे, कुठली औषधं चालू आहेत तुला काय माहीत! त्या मागतील आणि तुला नाही म्हणणं जड जाईल, तर सरळ माझं नाव सांग.

पत्ता देवळीत नको, कपाटात कुलपात ठेव. सुट्टीत ताईची पोरं येतील, लहान पोराला यातली एक गोळीही घातक ठरू शकते.

बाबा हलवूनही उठत नाहीत, श्वास फार मंद आहे, घरघर आवाज येतो, ओठ निळसर पडले, यातलं काहीही दिसलं तर कांदा हुंगवू नकोस, दूध-लिंबू पाजू नकोस. एका कुशीवर वळव आणि लगेच १०८ ला फोन कर. गोळ्यांचा पत्ता सोबत घे आणि 'ट्रामाडॉलची गोळी चालू आहे' हे पहिलं वाक्य सांग. यावर उतारा असतो, पण तो दवाखान्यातच देता येतो, म्हणून वेळ घालवायचा नाही.

पुढच्या तपासणीला जाताना घरातली सगळी औषधं, दोघांचीही, एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. वैद्याची पुडीसुद्धा. उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं तेही त्यांनाच विचारा, 'कधी लागलं तर' म्हणून जपून ठेवायच्या नाहीत. त्या दिवशी मी रजा टाकली आहे, आदल्या रात्रीच्या गाडीनं येते. स्टँडवर घ्यायला बाबांनी गाडी काढायची नाही, मी ऑटोनं येईन.

तुमची लेक