नावाआधी काय लावायचं ते तिलाच विचारा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

लक्ष्मीपुरीतल्या एका प्रेसमध्ये मी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारसं, सत्काराचे फ्लेक्स, उत्तरकार्याची कार्डं, सगळं आमच्याकडं होतं. नावात काना मात्रा चुकला तर लोक समजून घेतात, प्रूफ बघून दुरुस्त करा म्हणतात आणि चहा पिऊन जातात, पण नावाच्या आधीचं एक अक्षर राहिलं तर त्यावरनं भावकीत बोलणं बंद झालेलं मी बघितलंय. इतकं ज्याच्यावर अडतं त्याच्याबद्दल पेपरात कुणी लिहीत का नाही असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून आज लिहायला बसले.

कोल्हापूर तसं बोलायला मोकळं. रिक्षावाला, भाजीवाला, ऑफिसातला शिपाई, कुणीही कुणालाही भावा म्हणतो आणि समोरच्याला राग येत नाही, उलट काम लवकर होतं. आमच्या पोरी पण 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात, बाहेरगावचे लोक ऐकत बसतात. पण म्हणून इथं मान नको असतो असं कुणी समजू नये. रिटायर झालेल्या मास्तरांना रंकाळ्यावर कुणी काका म्हटलं तर ते नुसतं बघतात आणि सर म्हटलं की थांबून घरची चौकशी करतात. बायकांचं वेगळंच, पस्तिशीत पहिल्यांदा काकू ऐकलं की मनाला लागतं, ताई म्हटलं की बरं वाटतं, आणि दुकानातला पोरगा मॅडम म्हणतो ते तो सगळ्यांनाच म्हणतो त्यामुळं त्याचं काहीच वाटत नाही. बोलण्याचं एक बरं असतं की नको वाटलं तर तिथल्या तिथं सांगता येतं, 'काकू नको रे, ताई म्हण', तो हसतो आणि विषय संपतो. छापलेलं तसं नसतं, ते पाचशे घरी जातं आणि तिथं कोण सांगत बसणार.

कमावलेल्या मानाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. तालमीत घाम गाळलेल्या माणसाला नावाआधी पैलवान पाहिजेच, त्यात काय चुकीचं आहे. (मुस्लिम घरातला पैलवान असला तर मी आख्खा शब्द टाईप करते, पै. एवढंच लिहीत नाही, कारण निधन झालेल्या माणसाच्या नावाआधी पैगंबरवासी ह्या अर्थानं पण पै. लिहितात आणि जित्या माणसाच्या घरच्यांनी ते कार्ड बघून काय समजायचं.) कागलकडचे एक आजोबा नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले होते, त्यांनी बाकीचं काही वाचलं नाही, फक्त स्वतःच्या नावाआधी ह.भ.प. आहे का एवढं बघितलं आणि 'वारी चुकवली न्हाई पोरी, म्हणून ईचारतोय' म्हणाले. ते म्हणताना त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. असल्या माणसाला कोण नाही म्हणेल? सैनिक टाकळीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथं सुभेदार, हवालदार ही नावाचीच अंगं झालेली असतात आणि घटनेच्या कलम १८ नं सरकारी किताब बंद केले तेव्हाही सैन्यातला आणि शिक्षणातला मान त्यातनं वगळलाच होता. शाहू महाराजांना राजर्षी ही पदवी कानपूरला १९१९ साली कुर्मी क्षत्रिय समाजाच्या परिषदेत मिळाली, शंभर वर्षं होऊन गेली, आजही कोल्हापुरात राजर्षी एवढं म्हटलं की पुढचं नाव सांगावं लागत नाही. लोकांनी मनानं दिलेला मान असा टिकतो.

उलट पद्म पुरस्कार नावाच्या आधी किंवा मागं लावायचा नाही असं सुप्रीम कोर्टानं १९९५ लाच सांगितलंय तरी कार्यक्रमाच्या पत्रिकेत पद्मश्री छापा म्हणून आयोजक हटून बसतात. फ्लेक्सवरच्या मा., आदरणीय, कार्यसम्राट वगैरेबद्दल मी काही लिहीत नाही, ते सगळ्यांना माहिती आहे.

मला खरं बोलायचंय ते बायकांच्या नावाबद्दल. पुरुषाच्या नावाआधी श्री. लावलं की काम झालं, तो लग्नाचा आहे का, बायको आहे का गेली का सोडून राहते, काही कळत नाही आणि कुणी विचारत पण नाही. बाईचं नाव आलं की पहिला प्रश्न हाच, कु. का सौ. का श्रीमती, आणि आमच्याकडच्या काही जुन्या घरांत अजून गं.भा. (गंगा भागीरथी, विधवेच्या नावाआधी लावतात), म्हणजे नाव वाचायच्या आधी तिचा नवरा जिवंत आहे का नाही ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. सरकारी कागदात श्रीमती सगळ्याच बायकांना लावतात, हिंदी मुलखात तर लग्न झालेलीलाच श्रीमती म्हणतात, पण आपल्या घरांत त्याचा अर्थ विधवा एवढा एकच धरला जातो आणि तो अर्थ माहिती असून आपण कुणाच्याही नावाला ते चिकटवतो. घटस्फोट झालेल्या बाईनं काय लावायचं हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. सौ. लावलं तर खोटं, श्रीमती लावलं तर लोक घरी येऊन हळहळतात, कु. लावावं तर शेजारी पोरगं उभं असतं. एका शाळेतल्या बाई रिटायर होणार होत्या, लग्न केलेलं नाही, निरोप समारंभाच्या कार्डावर संस्थेनं कु. लिहून पाठवलं होतं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरींची पोरं आता त्याच शाळेत आहेत आणि त्यांच्या नावाआधी कुमारी! त्यांच्या माजी विद्यार्थिनींनीच मला फोन केला, म्हणाल्या ते काढा आणि नावाच्या मागं नुसतं बाई लिहा, आम्ही तेच म्हणतो. तसंच छापलं आणि ते कार्ड मला फार आवडलं.

माझ्या थोरल्या अक्काचे मालक गेले त्यानंतर ती एका पतसंस्थेत वारस म्हणून नाव लावायला गेली होती, मी सोबत होते. काउंटरवरच्या माणसानं तिचं स्वतःचं जुनं पासबुक पण मागून घेतलं, लाल पेननं सौ. वर काट मारली, वर श्रीमती लिहिलं आणि लाईनमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात 'आता श्रीमती झालं बघा' म्हणून पुस्तक परत दिलं. खातं तेच, नंबर तोच, सही तीच. त्या एका काटेनं संस्थेचं काय काम झालं? तो माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही, त्याला तसंच शिकवलेलं असणार. अक्का घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि पुढं कितीतरी दिवस पासबुक भरायला भाच्याला पाठवत होती.

आता लग्नपत्रिकेचं सांगते, तिथं हे सगळ्यात जास्त दिसतं. मुलीचे वडील नसले की निमंत्रक म्हणून चुलत्याचं नाव येतं, श्री. व सौ. असं जोडीनं, आणि जिनं पोरीला वाढवलं त्या आईचं नाव कुठंतरी खाली 'श्रीमती' लावून. मागच्या सीझनला अशीच एक पत्रिका आली. चुलत्यांनी मजकूर दिला, मी प्रूफ पाठवलं, आणि रात्री नवरीचा स्वतःचा मेसेज आला की मॅडम आईचं नाव पहिल्या ओळीत घ्या आणि नावाआधी काहीच लावू नका. दुसऱ्या दिवशी चुलते, नवरी, आई तिघं प्रेसमध्ये. चुलते म्हणाले नुसतं नाव बरं दिसत नाही, पाव्हण्यात चर्चा होईल. आई इतका वेळ गप होती, मग स्क्रीनकडं बघत म्हणाली, 'भावजी, सौ. न्हाई लावता येत, मग दुसरं कायबी कशाला पायजे, नाव हाय की मला.' चुलते थोडा वेळ पंख्याकडं बघत बसले आणि शेवटी 'घ्या मग तसंच, आणि वयनीचं नाव जरा मोठ्या टायपात घ्या' म्हणाले. लग्न झालं, पाव्हणे जेवून गेले, कुणी काही बोललं नाही.

हे सगळं मी ज्या जिल्ह्यातनं लिहितेय तिथलंच हेरवाड आहे, शिरोळ तालुक्यातलं. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतीशताब्दीच्याच दिवसांत, तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद, आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचं बघावं असं सांगितलं. ज्या महाराजांनी १९१७ ला संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला त्यांच्या जिल्ह्याला हे शोभून दिसलं. पण कपाळावरचं कुंकू राहिलं आणि कागदावरचं पुसलं तर अर्धंच काम झालं असं मला वाटतं. एप्रिल २०२३ मध्ये तर उलटंच, विधवांना गंगा भागीरथी म्हणावं असा प्रस्ताव महिला व बालविकास खात्याच्या मंत्र्यांकडनं आला, राज्यभर टीका झाली तेव्हा अजून काही ठरलेलं नाही, नुसती चर्चा आहे असं सांगितलं गेलं. हेतू मानाचा असेलही, पण ज्यांच्या नावाला ते लावायचं होतं त्या बायकांना आधी विचारायला नको होतं का? कागद बदलता येत नाहीत असंही नाही, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या नावात सरकारी कागदावर आईचं नाव लावायचं ठरलं आणि ते सुरू झालं.

सौ. अभिमानानं लावणाऱ्या बायका आहेत आणि त्या मला परक्या नाहीत. माझी आईच अशी, तिला पत्रावर सौ. दिसलं नाही तर ती पत्र बाजूला ठेवायची, आणि जाताना हिरव्या चुड्यात जावं एवढंच देवीकडं मागायची. तिचा तो मान मी कशाला काढून घेऊ. जिला पाहिजे तिनं जरूर लावावं, दोन वेळा लावावं. माझं म्हणणं एवढंच आहे की ते तिनं ठरवावं, नवऱ्यानं, दिरानं, काउंटरवरच्या माणसानं किंवा प्रेसवाल्यानं नाही. काही लोक म्हणतात एवढ्याशा अक्षरानं काय होतंय, बायकांचे मोठे प्रश्न काय कमी आहेत का. एवढंसंच असेल तर सोडायला पण अवघड जाऊ नये.

प्रेसच्या मालकांशी बोलून मी ऑर्डरच्या फॉर्मवर 'नाव कसं छापायचं' अशी एक ओळ वाढवलीय आणि घरातल्या बायकांची नावं त्यांनी स्वतः लिहून द्यावीत असं सांगते. सुरुवातीला पुरुष मंडळी कुरकुरली, आता फॉर्म घरी नेऊन भरून आणतात. निम्म्याहून जास्त जणी अजून सौ.च लिहितात, लिहू देत, पण त्यांच्या स्वतःच्या अक्षरात असतं.

तुमच्याकडं विनंती निधन वार्तेच्या कॉलमची आहे. तिथं गेलेल्या बाईच्या नावाआधी सौ. किंवा श्रीमती असतंच, आणि शेजारच्या पुरुषाचं मात्र नाव, वय, गल्ली एवढं असतं. बाईचंही तेवढंच छापा, नाव, वय, गल्ली, आणि तिनं काही काम केलं असेल तर ते, शिक्षिका होती, विडी कामगार होती, दूध संस्थेत होती. ज्या घरच्यांना सौ. पाहिजेच असेल ते सांगतील, त्यांचं तसं घ्या. तुमच्या ऑफिसात मजकूर घेणाऱ्या मुलांना एवढं सांगितलंत तरी चालेल, खर्च काही नाही.

आपली वाचक,
एक डीटीपी ऑपरेटर, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर