मांडवीला निघण्याआधी

भुज, ५ जानेवारी

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तुम्ही दोघं, वहिनी आणि मुलं मांडवीला यायचं ठरवताय, हे दादानं कळवलं. वेळ अगदी योग्य निवडली आहे. दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळात तिथं पाय ठेवायला जागा नसते, जानेवारीच्या मधल्या वारी मात्र किनारा मोकळा असतो. सोमवार ते बुधवार या. शनिवार-रविवार नको. स्टेशनवर मी येईन आणि गाडीत बसवून देईन, पण पुढचे तीन दिवस मला रजा नाही. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे.

वहिनीच्या यादीतल्या एकाच दिवसात सात ठिकाणं होती. त्यातली चार मी खोडली आहेत, तिला राग यायला नको. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास बाहेर, मधे जेवण आणि झोप, एवढंच चार वर्षांच्या छकुलीला आणि आईच्या गुडघ्यांना झेपेल.

छकुली विचारेल, "आजी, मांडवी तर आपल्याकडेच आहे ना?" तिला सांगा, मांडवी म्हणजे जकात घ्यायची, माल उतरवायची जागा. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाज्यांच्या मधोमध आपली बडोद्याची मांडवी आहे. ही कच्छच्या रावांची, समुद्रावरून येणाऱ्या मालाची.

आधी तिकिटांचं. सयाजीनगरी किंवा कच्छ एक्सप्रेस घ्या. दोन्ही गाड्या रात्री बडोद्याला येतात, सकाळी भुजला पोचवतात आणि तिथंच संपतात, त्यामुळे उतरायची घाई नाही. सगळ्यांचं तिकीट एकत्र काढू नका. ज्येष्ठ नागरिकांच्या कोट्यातून खालचा बर्थ हवा असेल तर त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी चालतात, पुरुष ६० वर्षांच्या आणि बाई ४५ वर्षांच्या पुढची. सगळ्यांचं एकत्र काढलंत की हा कोटा लागत नाही आणि बाबांच्या वाट्याला वरचा बर्थ येतो. तुमचं दोघांचं वेगळं, वहिनीचं आणि तिच्या मोठ्या मुलाचं वेगळं. छकुली पाच वर्षांच्या आतली आहे, तिला तिकीट लागत नाही.

भुजहून मांडवी साधारण ६० किलोमीटर, दीड तास धरा. बस आहेत, पण सामान आणि मुलं असताना टॅक्सीच बरी. छकडा रिक्षात, म्हणजे मोटारसायकलला मागे गाडा जोडलेल्या तीनचाकीत, बसायचा मुलं हट्ट करतील. गावात दोन मिनिटं ठीक, लांबच्या रस्त्यावर नको. तिचे धक्के कंबरेला बसतात. वाटेत कोडायला ७२ जिनालय हे जैन देवस्थान लागतं, मधलं मोठं मंदिर आणि भोवती ७२ देऱ्या. तिथं अर्धा तास थांबा, पाय मोकळे होतील. सावली आहे, स्वच्छ आहे. चामड्याचा पट्टा, पर्स गाडीत ठेवा.

आता समुद्र. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. सोमवारी जी वेळ, ती बुधवारी दीड तासाहून जास्त उशिरा असते. त्यामुळे "काल या वेळेला पाणी लांब होतं" हा हिशेब चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो. तिथी घरच्या कॅलेंडरवर बघून ठेवा, पण त्यातल्या भरतीच्या वेळा मुंबईच्या असतील तर त्या मांडवीला लावू नका. उतराल तिथं रोज सकाळी विचारा, किनाऱ्याच्या माणसांना वेळ पाठ असते.

आई, तुझ्यासाठी चालायची वेळ ओहोटीची. पाणी नुकतंच मागे सरलेलं असतं तेव्हा वाळू ओली आणि घट्ट असते, अंगणात चालल्यासारखं वाटतं. कोरड्या भुसभुशीत वाळूत प्रत्येक पावलाला टाच रुतते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. गाडीतून उतरल्यावर ओल्या वाळूपर्यंतचा पट्टाच काय तो त्रासाचा, तेवढा बाबांच्या हाताला धरून सावकाश पार कर. चपला मागे पट्टा असलेल्या घाल.

मुलांना पाण्यात सोडायची वेळ वेगळी. ओहोटीचं पाणी जाताना ओढत नेतं, म्हणून भरती चढू लागली की पहिल्या तास-दोन तासांत त्यांना डुंबू द्या, मोठ्याच्या गुडघ्यापर्यंत आणि छकुलीच्या पोटरीपर्यंतच. वहिनीनं मुलांच्या समुद्राकडच्या बाजूला उभं राहावं, किनाऱ्याच्या बाजूला नाही. रुक्मावती नदी जिथं समुद्राला मिळते त्या मुखाजवळ कुणालाच उतरू देऊ नका. ओहोटीत नदीचं आणि समुद्राचं पाणी एकाच वेळी बाहेर धावतं, वरून शांत दिसलं तरी खालून ओढ असते. जेलीफिश दिसली तर मेलेली असली तरी हात लावायचा नाही. डसलीच तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा. गोडं पाणी ओतलं किंवा चोळलं की त्वचेवर राहिलेले दंश नव्यानं फुटतात.

गावालगतचा काशीविश्वनाथ किनारा पहिल्या संध्याकाळी पुरे. दुसऱ्या दिवशी विंडफार्म बीच. पवनचक्क्यांच्या रांगेमुळे हे नाव पडलं, किनारा सपाट आणि लांबलचक आहे. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे सरकलेला असतो, म्हणून तो पाण्यात बुडताना दिसतो. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा आणि बुडाल्यावर लगेच निघा, वारा झटकन गार होतो. मुलांची कानटोपी पिशवीत राहू द्या.

उंट, घोडे, पाण्यातले खेळ सगळं तिथंच आहे. उंटावर बसण्याआधी भाडं आणि कुठपर्यंत नेणार, दोन्ही ठरवून घ्या, नाहीतर वीस पावलांत फेरी संपते. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसणारा पुढे फेकला जातो. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, पुन्हा पुढेच झोक. दोन्ही वेळा मोठ्याला मागे रेलायला सांगा, खोगिराची मूठ दोन्ही हातांनी. छकुली वहिनीच्या पुढ्यात बसेल. आई, बाबा, तुम्ही मात्र उंटाच्या भानगडीत पडू नका, तो झोक मणक्याला सोसत नाही. बनाना बोटवाले शेवटी मुद्दाम बोट उलटवतात, तीच त्यातली मजा मानतात. मोठ्याला बसवायचं असेल तर "उलटवायची नाही" हे आधी कबूल करून घ्या. लाइफ जॅकेट घातल्यावर त्याचे खांदे धरून वर ओढून बघा. जॅकेट कानाशी आलं तर ते त्याच्या मापाचं नाही, दुसरं मागा. पॅरासेलिंग या खेपेला नकोच.

माझ्या मते मुलांचा सगळ्यात चांगला वेळ वाळूच्या किल्ल्यात जाईल. दिवाळीतला मातीचा किल्ला त्यांना येतोच. वाळूला आठ वाट्यांमागे साधारण एक वाटी पाणी, इतकं की मूठ वळली तर टिकेल आणि पाणी ठिबकणार नाही. जास्त पाण्यानं बुरूज बसतात. जागा निवडताना वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची रेघ बघायची. ती गेल्या भरतीची खूण, किल्ला तिच्या वरच्या अंगाला.

आता ज्यासाठी मी मांडवी सुचवली ते. रुक्मावतीच्या पात्रात, पुलाजवळ लाकडी वहाणं, म्हणजे समुद्रात जाणारी मोठी गलबतं बांधतात. सुमारे ४०० वर्षं हे काम इथं चाललं आहे. बाकी काही राहिलं तरी चालेल, दुसऱ्या दिवसाची सकाळ इथंच द्या. बाबा, तुम्हाला तर इथून उठवावं लागेल. कागदावरचा नकाशा नसतो. मिस्त्री डोळ्यानं आणि सुतळीनं माप धरतात. तळाच्या लांब तुळईला ते पठाण म्हणतात, तिथून काम सुरू होतं. बरगड्यांना बाभूळ वापरतात, कारण तिच्या फांद्या मुळातच वाकड्या वाढतात. जिथं जसा बाक हवा तसं लाकूड शोधायचं. सरळ लाकूड कापून बाक काढला तर तंतू तुटतात आणि बरगडी तिथंच चिरते. बाहेरच्या फळ्या साल नावाच्या झाडाच्या, हे लाकूड बरंचसं मलेशियाहून येतं. फळ्यांमधल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवतात. लाकूड पाण्यात फुगतं, कापूस आवळला जातो आणि फट बंद होते. एक मोठं वहाण व्हायला दोन वर्षं किंवा जास्तही लागतात, म्हणून बहुधा दोन-तीन वेगवेगळ्या टप्प्यांवरची उभी असतात. मोठ्याला एकामागून एक दाखवा: आधी नुसत्या बरगड्या, मग अर्ध्या फळ्या, मग पूर्ण कवच. माशाचा सांगाडा, मग मांस, मग कातडी असं त्याला सांगितलं की कळेल. नदीला एरवी पाणी कमी, म्हणून तयार वहाण उधाणाच्या भरतीला पाण्यात ढकलतात. आदल्या संध्याकाळी पाहिलेल्या भरतीचा उपयोग त्याला इथं समजेल.

सकाळी नऊ ते अकरा जा. दुपारी कारागीर जेवायला, पडायला जातात. आत शिरण्याआधी विचारा, गुजरातीत दोन शब्द बोललात की नाही म्हणत नाहीत. जमिनीवर खिळे असतात, सगळ्यांच्या पायांत बंद बूट हवेत, मुलांच्या तर नक्कीच. वहाणाच्या पोटाखाली उभं राहायचं नाही, वरून तुकडे पडतात. छकुलीला कडेवर ठेवा. आई, तुला खाली उतरायचं नसेल तर पुलावरूनही चांगलं दिसतं.

तिसऱ्या सकाळी विजयविलास राजवाडा, गावापासून साधारण ८ किलोमीटर. राव खेंगारजी तिसरे यांनी १९२०च्या दशकात युवराज विजयराजजींसाठी बांधलेला, लाल दगडाचा. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा बघितलेल्या डोळ्यांना तो लहान वाटेल, पण जाळ्यांचं काम निवांत बघण्यासारखं आहे. वरच्या गच्चीतून समुद्र दिसतो. तो जिना बाबांनी आणि मुलांनी चढावा, आईनं खालीच सावलीत बसावं.

तिथून परतताना क्रांतितीर्थ, क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा यांचं स्मारक. श्यामजी मांडवीचे, जन्म ४ ऑक्टोबर १८५७. लंडनमधलं त्यांचं इंडिया हाऊस १९०५ साली सुरू झालं आणि त्यांच्याच शिष्यवृत्तीवर, टिळकांच्या शिफारशीनं, सावरकर १९०६ मध्ये तिथं गेले. बाबा, तुमच्या तोंडून मोठ्या नातवानं हे ऐकलेलं आहेच, आता त्या घराची हुबेहूब प्रतिकृती त्याला बघू दे. श्यामजी १९३० मध्ये जिनेव्हात वारले. त्यांच्या अस्थी २००३ साली आणल्या, त्यांचा कलश इथं आहे. स्मारक २०१० पासून खुलं आहे. आवार मोठं आणि उघडं आहे, अकराच्या आत उरका. निघण्याआधी त्या दिवशी उघडं आहे का, हे उतरलात तिथं विचारा.

खाण्याचं थोडक्यात. दाबेलीचं गाव हेच. मुलांसाठी तिखट कमी सांगा. बाबा, तुमची साखर बघता खजूर-चिंचेची चटणी नावापुरतीच, आणि मसाला शेंगदाणे काढायला सांगा, कवळीखाली अडकतात. रात्री बाजरीचा रोटला, वांग्याचं भरीत, खिचडी-कढी. पिण्याचं पाणी बाटलीतलंच घ्या, इथलं जमिनीतलं पाणी खारं आहे, नवख्या पोटाला मानवत नाही.

आई, बांधणी घेणार असशील तर गाठी न सोडलेली दाखवा म्हण. गाठ बांधून रंगवलेल्या कापडावर ठिपक्यापाशी बारीक चुण्या उठतात आणि ठिपके थोडे लहानमोठे असतात. सगळे एकसारखे आणि कापड सपाट असेल तर ते छापलेलं. पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात.

परतीची गाडी रात्रीची आहे, मांडवीहून चार वाजता निघा. बाबांच्या गोळ्या तीन दिवसांऐवजी पाच दिवसांच्या घ्या आणि सामानात नको, हातातल्या पिशवीत ठेवा. काठीचं रबरी टोक झिजलं आहे, ते निघण्यापूर्वी रुंद बुडाचं बसवून घ्या, अरुंद टोक वाळूत रुततं.

मुलांना गोड पापा.

तुमची,
धाकटी