त्या सतरा अंकी संख्येबद्दल

प्रिय सुध्या,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळे ठीक, गुडघाही बरा आहे. तुझा गणित मंडळाचा तक्ता पाहिला आणि चैन पडेना. मधोमध १२३४५६७८९८७६५४३०० लिहिलंय! आपली लाडकी संख्या १२३४५६७८९८७६५४३२१, तिचा शेवट ३२१ ने होतो रे!

तू ती एक्सेलमधून उचललीस. तिथे पंधराच अंक टिकतात, पुढे शून्यं भरली जातात. मग सगळंच बिघडतं. विषम संख्या सम झाली. अंकांची बेरीज ८१ ची ७८ झाली, ९ ने भाग जाईना. पूर्ण वर्गही उरली नाही, कारण दोन शून्यं काढली की एककस्थानी ३ येतो आणि कुठल्याच वर्गाच्या शेवटी ३ नसतो. खाली ‘हर्षद नाही’ (म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जात नाही) आलंय ते यामुळेच. एक्सेलमध्ये सेलला आधी टेक्स्ट फॉरमॅट दे, मग अंक टाक; नंतर बदललंस तर गेलेले अंक परत येत नाहीत. पायथॉन या संगणकभाषेत भागताना दोन तिरक्या रेघा (//) वापर. एकीने उत्तर दशांशात जातं आणि तिथे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे विषम संख्या मावतच नाही.

खरी संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, वर्ग. शाळेतल्यासारखा उभा गुणाकार मांड: रकान्यांत एक, दोन, तीन असे एक जमत जातात, मधल्या रकान्यात नऊ, मग उतरण. हातचा कुठेच नाही. दहा एक घेतलेस की मध्ये दहा जमतात, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असं होतं. देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या डेम्लो संख्या त्या याच. नाव डोंबिवली स्टेशनवरून.

मूळ अवयव: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. म्हणून विभाजक ५×३×३, म्हणजे ४५. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज संख्येच्या साधारण ५३.५ टक्के, म्हणजे न्यून संख्या. ३७ ने भाग जातो का हे पाहायला उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट कर: १२+३४५+६७८+९८७+६५४+३२१ = २९९७, म्हणजे ३७×८१. ८१ ने भागलं तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे हर्षद आहेच! मात्र बेरीज ८१ आली एवढ्यावर मुलांना थांबू देऊ नकोस. १८९९ ची बेरीज २७, तरी २७ ने भागल्यावर ९ उरतात.

तू नेहमी भांडायचास की हर्षद हा लिहिण्याच्या पद्धतीचा गुण, संख्येचा नव्हे. ते मला मान्य आहे, पण म्हणून तो तक्त्यातून काढायचा नाही! दोन रकाने कर: दशमान पद्धतीवर अवलंबून असलेले गुण (हर्षद, डेम्लो, उलटसुलट सारखी) एकीकडे, विषम, पूर्ण वर्ग, ४५ विभाजक, न्यून दुसरीकडे.

वहिनींची बदली झाली का? काकूंना नमस्कार. तक्ता छापखान्यात गेला असेल तर आजच फोन करून थांबव.

तुझा,
दिनू