ओवीच्या शाळेबद्दल

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

ओवीला पहिलीत पालिकेच्या शाळेत घालू की झेडपीच्या, असं परवा विचारलंस. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून या आठवड्यात तिन्ही शाळांत जाऊन बसले.

बाजारपेठेतली पालिकेची शाळा दिसायला देखणी. नवा रंग, भिंतीवर मोठा टीव्ही. पण पट 52 आणि चार वर्गांना शिक्षक दोनच. कायद्यातच 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, त्यामुळे शाळेला तरी काय बोलणार? मी गेले त्या दिवशी सर पंचायत समितीत मीटिंगला गेलेले. बाई एकट्या चारही वर्ग सांभाळत होत्या, घसा पार बसला होता बिचारीचा. स्टँडमागच्या शाळेचं दार थेट हमरस्त्यावर उघडतं. ती नकोच.

पुलापलीकडची झेडपीची शाळा कौलारू आहे, जुनी आहे. पण तिथे प्रत्येक वर्गाला वेगळे शिक्षक आहेत. दुसरीच्या वर्गात मागे बसले. एक मुलगा 32 वजा 17 करत होता. समोर काड्यांचे दहा-दहाचे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनातून सात कसे काढायचे, म्हणून अडला. बराच वेळ गठ्ठ्यांकडे बघत राहिला. बाईंनी सांगून टाकलं नाही, बाकीच्यांनाही बोलू दिलं नाही. मग त्यानंच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. मनीषा, इतकी वर्षं मी हातचा शिकवला, पण त्या पोराचा चेहरा बघून डोळ्यांत पाणी आलं. दुपारची खिचडीही बाईंनी आधी स्वतः चाखली, मगच पंगत वाढली.

मी स्वतः झेडपीत शिकवत होते आणि तुला मात्र इंग्रजी शाळेत घातलं, लोक काय म्हणतील म्हणून. रात्री अर्थ न कळता धडे पाठ करताना तू रडायचीस. ते अजून मनात सलतं. म्हणून माझं मत ओवीनं पुलापलीकडे जावं. पूल मी धरून ओलांडून देईन, रोज.

एक उणीव आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, निम्म्या जागा बायकांच्या. इथे आलीस की तू समितीत जा, सभेला बस, विचार. नुसतं नाव लावू नकोस.

येताना ओवीचा जन्मदाखला आणि आधार कार्ड आण. कडीचं मी मुख्याध्यापकांशी बोलले आहे, शनिवारी आपल्या सुताराला घेऊन जाते.

तुझी,
आई